नंदिनीच्या काठाने: अंजनेरीच्या डोंगरापासून टाकळीच्या संगमापर्यंत ओढा कसा चालावा

बहुतेक नाशिककरांनी नासर्डी पाहिलेली असते ती पुलावरून. आयटीआयचा पूल, उंटवाडीचा पूल, पुणे रस्त्यावरचा पूल. गाडीची काच वर करायची आणि पुढे निघायचं. नंदिनी हे तिचं दुसरं नाव. शहरात आपण जिला नाला म्हणून मोकळे होतो, ती मुळात डोंगरातून उतरलेली ओढ्याएवढी नदी आहे. शहराच्या पश्चिमेला अंजनेरी आणि बेळगाव ढगा परिसरातल्या टेकड्यांवरचं पाणी गोळा करत ती पूर्वेकडे येते, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीजवळून आणि नंतर दाट वस्तीतून जाते आणि आगर टाकळीला गोदावरीला मिळते. उगमापासून संगमापर्यंत सगळा प्रवास एका तालुक्याच्या आसपास उरकणारा ओढा पायाखाली घालता येतो, हे या नदीचं मोठं भाग्य आहे आणि आपलंही.

हा लेख नंदिनीबद्दल आहे, पण पद्धत कुठल्याही लहान ओढ्याला लागू पडेल. वालदेवी घ्या, पंचवटीतली वाघाडी घ्या, किंवा तुमच्या गावामागचा बिननावाचा व्हळ घ्या.

आधी दोन गोष्टी ठरवून टाका. पहिली, हे चालणं एका दिवसात उरकायचं नाही. चार तुकडे करा: डोंगर, गावं, शहर आणि संगम. दुसरी, वरून खाली या. अनेक जण संगमापासून उगमाकडे जायला सांगतात, त्यात शोधाचा आनंद असतो हे खरं. पण स्वच्छ ओढा कसा दिसतो, कसा वास येतो, तळाचे दगड कसे दिसतात हे आधी डोळ्यांत बसलं, तरच खाली काय काय मिसळलं आहे ते ओळखता येतं. शहरातून सुरुवात केली की माणूस पहिल्याच तासात कंटाळून परततो.

घरी बसून करायचं काम: नकाशा

फोनवरचा नकाशा रस्त्यांसाठी चांगला, ओढ्यांसाठी अपुरा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून उतरवून घेता येतात. या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक.

नकाशा समोर ठेवून टाकळीचा संगम शोधा आणि निळ्या रेषेवर पेन्सिल ठेवून पश्चिमेकडे सरका. जिथे रेषेला फाटा फुटतो तिथे थांबा आणि दोन्ही फाटे डोंगरापर्यंत रंगवा. समोच्च रेषा ओढा ओलांडताना टोकदार वळण घेतात, आणि ते टोक नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे ओढ्याच्या वरच्या दिशेला असतं. टोक उताराकडे असेल तर तो ओढा नव्हे, डोंगराची सोंड. एवढी एक खूण हाती आली की निळी रेषा छापलेली नसतानाही कोरड्या घळी सापडायला लागतात.

मग ओढ्यांना श्रेणी द्या. ज्याला वरून दुसरा कुठलाही ओढा मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे दोन मिळाले की दुसऱ्या श्रेणीचा, दुसऱ्या श्रेणीचे दोन मिळाले की तिसऱ्या. दुसऱ्याला पहिला येऊन मिळाला तर श्रेणी बदलत नाही. हा हिशेब करताना लक्षात येतं की नदीची बहुतेक लांबी या नाव नसलेल्या पहिल्या श्रेणीच्या घळींमध्येच आहे. आपण जिला नंदिनी म्हणतो ती फक्त शेवटची जाड रेष.

शेवटी पाणलोटाची रेषा काढा. डोंगराच्या धारेवरून पेन्सिल अशी फिरवा, की आतल्या बाजूला पडलेला प्रत्येक थेंब नंदिनीकडे येईल. अंजनेरीच्या रांगेत ही रेषा काढताना मजा येते, कारण त्याच डोंगरांचं पाणी एका बाजूने थेट गोदावरीकडे, गंगापूर धरणाच्या दिशेने जातं, दुसऱ्या बाजूने वालदेवीकडे आणि मधल्या घळींमधून नंदिनीकडे. धारेवर उभं राहिलं की दोन पावलांच्या अंतरावर पडलेला पाऊस वेगवेगळ्या नद्यांचा होतो. ही रेषा आधी कागदावर काढलेली असेल तर डोंगरावर ती दिसते, नाहीतर नुसते उंचवटे दिसतात.

कधी जावं

जून-जुलैत पात्राच्या आसपास फिरकू नका. नाशिक शहरात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्र्यंबक-इगतपुरीकडे त्याच्या कित्येक पट. त्यामुळे शहरात ऊन पडलेलं असताना वर डोंगरात झोडपून पडत असतो. गंगापूरमधून विसर्ग सोडायचा तर आधी इशारा येतो, किती क्युसेक ते बातम्यांत येतं. नंदिनीवर असं मोठं धरण नाही. तिला पूर येतो तो तासा-दोन तासांत आणि कुणाला न विचारता. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा तरंगत आला, वरच्या बाजूने घरघर ऐकू आली, तर सामान न आवरता काठावर चढा. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाची दुपारही अशीच फसवी असते, म्हणून त्या महिन्यात दुपारी एकच्या आत घळीबाहेर पडा.

श्रावण-भाद्रपदात डोंगरमाथ्यावर जावं, पात्रात नव्हे. तेव्हा कातळांवर तेरडा, सोनकी, कवला फुललेले असतात. पात्रातून चालायला सर्वांत चांगला काळ दिवाळी ते संक्रांत. पाणी नितळ, घोट्यापर्यंत, ऊन सोसवणारं. होळीच्या सुमाराला परत एकदा जायचंच आहे, त्याबद्दल शेवटी.

पहिला तुकडा: डोंगर

त्र्यंबक रस्त्याने सिटीलिंकची बस मिळते. महिरावणी, बेळगाव ढगा या बाजूला उतरून टेकड्यांकडे वळता येतं, किंवा पुढे अंजनेरी फाट्याला उतरून आधी गड चढून सगळं वरून पाहता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने गडच चढावा असं माझं मत आहे. अंजनेरी सुमारे १,२८० मीटर उंच आहे, म्हणजे शहरापेक्षा जवळजवळ सातशे मीटर वर. पहिला टप्पा चढून गेलं की विस्तीर्ण पठार लागतं, तिथे अंजनीमातेचं मंदिर आणि तळं आहे, आणि त्यामागे डोंगराचा दुसरा टप्पा उभा. पठाराच्या पूर्व कडेला या आणि घरी काढलेली पाणलोटाची रेषा जमिनीवर शोधा.

डोंगर असा टप्प्याटप्प्यांचा का, हे समजलं तर ओढा अर्धा समजला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि आपला सह्याद्री तयार झाला. काही थर घट्ट, त्यांचे कडे झाले. काही थर सच्छिद्र, ते झिजून उतार झाले, त्यांवर माती धरली, झाडं वाढली. दोन थरांच्या मध्ये कित्येकदा विटकरी रंगाचा मातीचा पट्टा दिसतो. घाटरस्त्यांच्या कापलेल्या भिंतींत तो सर्वांनीच पाहिला असेल. पावसाचं पाणी घट्ट दगडाच्या उभ्या भेगांमधून खाली झिरपतं, या पट्ट्याशी किंवा एखाद्या अखंड थराशी अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. तो झरा. म्हणून झरे डोंगरभर कुठेही सापडत नाहीत. ते साधारण एका उंचीवर ओळीने असतात. समोरच्या उतारावर उंबर, जांभूळ, करंज यांची हिरवी आडवी पट्टी दिसली तर तिथे पाय वळवा. उन्हाळ्यात तर ही पट्टी लांबूनच ओळखू येते.

उगम म्हणून एकच कुंड शोधत बसू नका. डोंगरी ओढ्याला उगम असतो तो अनेक ओलसर जागांचा. पावसाळ्यानंतर वरच्या घळी आधी सुकतात आणि वाहतं पाणी जिथून सुरू होतं ती जागा आठवड्या-आठवड्याला खाली सरकते. नकाशावर त्या दिवशीची जागा आणि तारीख लिहून ठेवा. वर्षभराने या खुणांची ओळ पाहिली की ओढ्याचा श्वास कळतो.

घळीतून उतरताना कोरड्या दगडावरच पाय द्या. शेवाळलेला काळा कातळ ओला असेल तर चांगले बूटही धरत नाहीत. उडी मारून कुठलाही टप्पा उतरू नका, बाजूच्या गुरवाटेने वळसा घाला. गुरं जिथून उतरतात तिथून माणूस उतरू शकतो. दगड उलटायचा असेल तर काठीने, आणि आपल्याकडे झाकलेली बाजू ठेवून. फुरसं आणि विंचू दोन्ही या दगडांखाली असतात. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज, धूर, अत्तर सगळं टाळून मुकाट लांबून जावं.

गोट्यांमध्ये पांढरे, कधी हिरवट झाक असलेले स्फटिक चमकतात. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत नंतर हे खनिज साठलं. नाशिकच्या पांडवलेणी परिसरातल्या खाणीतला हिरवा अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे, आणि असे नमुने नीट पाहायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे. ओढ्यातले मात्र ओढ्यातच राहू द्या. अंजनेरीचा काही भाग संवर्धन राखीव क्षेत्र आहे. गिधाडांची घरटी असलेले कडे तिथे आहेत, आणि ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्पाची जात याच डोंगरावरून २००६ साली जगापुढे आली आणि तिचं नावही याच डोंगराचं आहे. पठारावर वाट सोडून चालू नका. ज्या गवतावर आपण ऐसपैस बसतो त्याच पातळ मातीत तिचा कंद असतो.

दुसरा तुकडा: गावं आणि शेतं

डोंगर संपला की ओढा शेतांमधून जातो. इथे नकाशापेक्षा माणसं उपयोगी. बांधावर कुणी दिसलं की आधी रामराम, मग परवानगी, मग प्रश्न. काठ बहुधा कुणाच्या तरी वावरात असतो. “बाबा, तुमच्या कडेकडेनं गेलो तर चालंल का?” एवढं विचारलं की वाट तर मिळतेच, शिवाय कुठे दलदल आहे, कुठे कुत्री सोडलेली आहेत हेही कळतं.

पाण्याबद्दल विचारताना महिने विचारू नका, सण विचारा. पोळ्याला कुठवर असतं, दिवाळीला किती, संक्रांतीला वाहतं का, होळीला डोह राहतो का, अक्षय्य तृतीयेला गुरं कुठे पाजता. अशी उत्तरं नेमकी असतात, कारण त्या दिवशी माणूस कुठे होता हे त्याला आठवतं. “आमच्या लहानपणी होळीपर्यंत वाहायचा” असं कुणी म्हणालं तर त्याच्या खाली आज काय आहे ते स्वतः जाऊन पाहा. त्या दोन नोंदींमधलं अंतर हीच ओढ्याची खरी बातमी.

या टप्प्यात वनराई बंधारे दिसतील, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेले, आणि पक्के कोल्हापुरी बंधारेही. बंधाऱ्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे थांबा. वर गाळ किती साठला, खालच्या विहिरींना पाणी आहे का, हे विचारा. काठाला वाळुंज, निरगुडी, अर्जुनसादडा असेल तिथे माती टिकलेली असते. जिथे काठ जेसीबीने सरळ कापला आहे तिथे बेशरमीची झुडपं माजलेली दिसतात. वळणं काढून टाकलेला ओढा पाणी लवकर खाली फेकतो, आणि वर झिरपायचं ते पाणी खालच्या वस्तीत पूर होऊन पोचतं.

ऊस, झुडपं आणि नाल्यांच्या आडोशाने नाशिकच्या परिसरात बिबटे फिरतात. पहाटे आणि सांजेला पात्रात उतरू नका, एकट्याने जाऊ नका, बोलत चाला. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. तातडीच्या मदतीला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८.

पाणी मोजायचं कसं

नुसतं “बरंच पाणी होतं” असं लिहिलं तर पुढच्या वर्षी त्याचा काही उपयोग नाही. मोजणं सोपं आहे, टेप, काठी आणि घड्याळ पुरे.

पात्र सरळ आहे, मोठे दगड नाहीत, अशी दहा मीटरची जागा निवडा. दोन्ही टोकांना काठावर काठ्या रोवा. मधल्या ठिकाणी रुंदी मोजा. त्या रुंदीवर पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. मग वरच्या काठीच्या थोडं आधी लाकडाचा लहान तुकडा प्रवाहात सोडा आणि दहा मीटर जायला किती सेकंद लागले ते पाहा. तीन-चार वेळा करा आणि सरासरी घ्या.

समजा रुंदी २ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर आणि वेळ २५ सेकंद. वेग झाला सेकंदाला ०.४ मीटर. २ × ०.१५ × ०.४ म्हणजे ०.१२ घनमीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा वेगाने धावतं, म्हणून याला ०.८ ने गुणायचं: ०.०९६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ९६ लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तेव्हा हा ओढा सुमारे साडेतीन क्युसेक वाहतो आहे. गंगापूरच्या विसर्गाचे हजारांतले आकडे वाचायची सवय असलेल्यांना हे किरकोळ वाटेल. पण सेकंदाला ९६ लिटर म्हणजे दिवसाला ८२ लाख लिटरहून जास्त. वस्तीच्या वर आणि वस्तीच्या खाली एकाच दिवशी मोजलं, मधे कुठलाही ओढा मिळत नसताना पाणी वाढलेलं आढळलं, तर ते कुठल्या पाइपातून आलं हे शोधण्याची सुरुवात तिथून होते.

टीडीएस मोजायचं साधं उपकरण जवळ असेल तर ते प्रत्येक थांब्यावर बुडवा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. आकडा कमी आला म्हणून पाणी पिऊ नका, हे उपकरण फक्त विरघळलेले क्षार सांगतं, जंतू सांगत नाही. उगमाचं पाणीसुद्धा उकळूनच.

तिसरा तुकडा: शहर

हा तुकडा सगळे टाळतात आणि म्हणूनच तो चालायला हवा. इथे पात्रात उतरायचं नाही. सांडपाण्यात पाय घालू नका, पायाला जखम असेल तर अजिबातच नाही, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पुलावरून पुलावर जा: सातपूर, आयटीआय, उंटवाडी, तिडके कॉलनी, पुणे रस्ता. प्रत्येक पुलावर पाच मिनिटं थांबा आणि त्याच गोष्टी त्याच क्रमाने लिहा. पाण्याचा रंग, फेस, वास, पाणवेली, कडेने मिळणारे पाइप (चालू की कोरडे), राडारोडा टाकून भरलेला काठ, आणि पक्षी.

पक्षी खूप सांगतात. वर डोंगरात उथळ वाहत्या पाण्याशी करडा धोबी शेपटी हलवत असतो, डोहावर खंड्या असतो. शहरात शेकाटे मोठ्या संख्येने दिसू लागले की समजा, चिखलात अळ्या माजल्या आहेत. शेकाट्याचे गुलाबी पाय सुंदर दिसतात, पण त्यांची गर्दी ही नदीची तक्रार आहे.

पूररेषेचा नकाशा सोबत ठेवा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुलावर उभं राहून निळ्या रेषेच्या आत काय काय आलं आहे ते पाहा. कुणाशी वाद घालू नका, काठावरच्या झोपड्यांचे फोटो काढत हिंडू नका. पूर आला की सर्वांत आधी त्यांच्याच घरात पाणी शिरतं, आणि कुठल्या वर्षी कुठवर आलं होतं हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

चौथा तुकडा: संगम

आगर टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षं तपश्चर्या केली, असं परंपरा सांगते. मठात गोमयाचा मारुती आहे. गोदावरी आणि नंदिनीचा संगम पाहून त्यांनी ही जागा निवडली, तेव्हाचं पाणी कसं असेल हे मठाच्या ओट्यावर बसून मनात आणावं. आज जवळच सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. संगमावर दोन पाण्यांचे रंग शेजारी शेजारी दिसतात का ते पाहा, आणि दोन्हींचे नमुने पारदर्शक बाटल्यांत भरून उजेडात धरा. गोदावरी फुगलेली असेल तेव्हा तिचं पाणी नंदिनीच्या तोंडात उलटं चढतं आणि नंदिनीचं पाणी मागे तुंबतं. म्हणून गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला (नाशिककर पुराची उंची याच मूर्तीवरून ओळखतात) पाणी लागलं की टाकळीच्या बाजूच्या लोकांनाही सावध व्हावं लागतं. पावसाळ्यात संगमाकडे जाणं टाळावंच.

होळीच्या सुमाराला, परत वर

फाल्गुनात डोंगराचा तुकडा पुन्हा चाला. पाणी नसलेलं पात्र वाचायला सोपं असतं. पाण्याने दगड-गोटे गरगर फिरवून कातळात कोरलेले रांजणखळगे दिसतात. काठच्या झाडांच्या फांद्यांत अडकलेलं गवत आणि प्लॅस्टिक पाहा. तळापासून त्या कचऱ्यापर्यंतची उंची मोजली की गेल्या पावसाळ्यातल्या मोठ्या पुराची उंची मिळते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ किती खचला आहे ते रंगाची खूण करून ठेवा. कुठे ओल राहिली असेल तिथे लोक वाळू-मुरूम उकरून झिरा करतात. त्याचं पाणी माणसांसाठी असतं, त्यात हात-पाय धुऊ नका. मेंढपाळ भेटले तर त्यांना विचारा, त्यांना प्रत्येक डोह माहीत असतो.

दिवाळीला जिथे पाणी मोजलं होतं, त्याच काठ्यांपाशी उभे राहा. वाहत असेल तर मोजा, नसेल तर वर चालत जा आणि पहिलं ओलं ठिकाण सापडलं की नकाशावर तारीख टाका. या नोंदींची एक प्रत गावच्या शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत द्या. पुढच्या वर्षी बंधारा कुठे घालायचा याची बैठक बसेल, तेव्हा ती कामाला येईल.